बाजेवरचा सव्वा महिना

खानदेशातल्या बाळंतिणीच्या रजेचा इतिहास सांगायचा तर तो जिनिंगपासून सांगावा लागतो. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि आपल्याकडच्या कापसाला एकाएकी भाव आला. रेल्वेही त्याच काळात भुसावळ-जळगावपर्यंत पोहोचली. पुढच्या काही दशकांत जळगाव, धरणगाव, धुळे, दोंडाईचा अशा गावांत जिनिंग-प्रेसिंगची धुराडी उभी राहिली. या कारखान्यांत प्रेसवर पुरुष आणि जिनवर बाया, अशी कामाची वाटणी पहिल्यापासूनच होती. कपाशीतली पत्ती, कवडी वेचायची, पाट्या भरून यंत्रापर्यंत न्यायच्या, यंत्राच्या तोंडात कापूस सारत राहायचं, हे बायांचं काम.

१८८४ साली मुंबई सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनपुढे खानदेशातल्या या कारखान्यांबद्दल साक्ष झाली. ती वाचताना आजही अंगावर काटा येतो. हंगामात पहाटे चारला दार उघडायचं आणि काम रात्री दहापर्यंत चालायचं. घरी गेलेली माणसं चारला दारात हजर असावं म्हणून तीन वाजताच येऊन बसायची. अठरा तासांची मजुरी तीन-चार आणे. तीच माणसं ओळीने कित्येक दिवस रात्रंदिवस राबायची आणि पार थकली की त्यांच्या जागी नवी यायची. यातल्या बायांपैकी किती जणी दिवसांत होत्या, किती ओल्या बाळंतिणी होत्या, हे कमिशनला विचारावंसं वाटलं नाही. १८८१ चा कारखाना कायदा मुळात मुलांपुरताच होता, आणि वर्षातून चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने त्यातून वगळले होते. बायांचे तास अकरावर आणणारा कायदा १८९१ साली झाला, पण कमी दिवस चालणारे हंगामी कारखाने कायद्याच्या कक्षेत यायला १९११ उजाडावं लागलं. हंगामी म्हणून गळायचं, ही खानदेशी मजूर बाईच्या वाट्याला आलेली पहिली गोष्ट. पुढे ती पुन्हा पुन्हा येत राहते.

मी हे अभ्यासक म्हणून लिहीत नाही. जिल्ह्यातल्या सरकारी कार्यालयांत माझी नोकरी झाली ती बहुतेक आस्थापना शाखेत, म्हणजे लोकांच्या रजा, वेतनवाढी आणि सेवापुस्तकं सांभाळण्यात. प्रसूती रजेचे अर्ज वर्षानुवर्षं माझ्याच टेबलावरून गेले. आणि माझी आजी, जिला आम्ही मोठी माय म्हणायचो, धरणगावच्या एका जिनात पाट्या उचलायची. टेबलावरचा अर्ज हातात घेतला की मला तिची आठवण यायची, कारण असा अर्ज करायची सोयच तिच्या जन्मात नव्हती.

मोठी मायचं तिसरं बाळंतपण १९३८ च्या आसपासचं. पौषातलं, म्हणजे ऐन हंगामातलं. ते बाळ म्हणजे माझे वडील. आमच्याकडची रीत सगळ्यांना माहीत आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, पाचवीला सटवीची पूजा, बाराव्याला बारसं, आणि सव्वा महिना बाई बाजेवर. बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी, बाजरीची भाकर, शेपू, डिंक-मेथीचे लाडू, बाळंतशोपा. पोरगी बाजेवर असते तेव्हा आई पहाटे उठून तिचं अंग रगडते, वहिनी धुणं धुते, मावशी रात्री बाळाला पायांवर घेते. चार बाया मिळून एकीला रजा देतात. त्या चौघींचा पगार कोणी धरला नाही, त्यांच्या शेतातल्या निंदणीचे खाडे कोणी मोजले नाहीत. पण सव्वा महिन्याची ही रजा खरी होती आणि ती वाटून घेतलेली होती. फक्त त्या वाटणीत बाप नव्हता. सोयर असेपर्यंत तो बाळंतिणीच्या खोलीबाहेर, बारशाच्या दिवशी पाहुण्यांच्या पंगतीत. माहेरी बाळंतपण असलं तर त्याला बाळाचं तोंड दिसायलाच कित्येक दिवस जायचे.

ही रीत चालायला घरात चार बाया लागतात. मोठी मायला सासू नव्हती, आई वारलेली, एकुलती नणंद शिरपूरकडे दिलेली. मग सव्वा महिना कोण करणार? तर आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी केला, जितका जमला तितका. आबा त्याच जिनाच्या प्रेसवर गाठी उचलायचे. त्यांनी खाडे केले. चूल पेटवली, पाणी तापवलं, भाकरी थापल्या. मोठी माय सांगायची की भाकरी थापताना ते दार लोटून घ्यायचे. थापण्याचा आवाज गल्लीत जायचा, आणि बाई बाजेवर असताना हा आवाज कुणाचा, हे गल्लीला कळायचंच. शेजारणी तोंडावर काही बोलल्या नाहीत, पण प्रेसवरचे सोबती बोलले. थोड्या दिवसांत आबा कामावर परतले, कारण घरात दोघांचीही मजुरी बंद होती. बारसं झालं आणि त्यांच्या पाठोपाठ मोठी मायही परतली. मी तिला एकदा विचारलं होतं, एवढ्या लवकर कशी उठलीस? ती म्हणाली, “पोटले काय सुट्टी ऱ्हास, बई?”

बाळ जिनाच्या छपरात झोळीत टांगलेलं असायचं. ते रडू नये म्हणून बाळगोळी द्यायची, म्हणजे अफू. ही आमच्याच घरातली गोष्ट नव्हे. मुंबईत १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने डॉ. बार्न्स नावाच्या डॉक्टर बाईंकडून गिरणीतल्या बाळंतिणींची पाहणी करवून घेतली होती. कामगार बायांची जवळजवळ सगळीच तान्ही मुलं अफूवर झोपवली जातात, असं त्यांना दिसलं. आईला रजा नाही आणि बापालाही नाही, तेव्हा बाळाला सांभाळायला अफूच उरते. माझे वडील जगले. मोठी मायची सगळी जगली नाहीत.

आता ज्या कायद्याचा तिला उपयोग झाला नाही, त्या कायद्याबद्दल. १९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय मजूर परिषद भरली आणि तिने बाळंतिणीला बारा आठवड्यांच्या रजेचा ठराव केला. हिंदुस्थानच्या कामगारांच्या वतीने तिथे गेले होते ना. म. जोशी. परत आल्यावर त्यांनी १९२४ साली दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणलं, ते पुढच्या वर्षी फेटाळलं गेलं. मग मुंबई कायदेमंडळात आसवले यांनी मुंबई इलाख्यापुरतं विधेयक मांडलं. २८ जुलै १९२८ ला त्यावर चर्चा झाली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने उभे राहिले. त्यांच्या भाषणातला एक मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, तेव्हा त्याचा बराचसा भार सरकारने उचलला पाहिजे, असं ते म्हणाले. बायांना कामावर ठेवून मालक नफा मिळवतो, म्हणून त्यालाही अंग काढून घेता येणार नाही, हेही त्यांनी तिथेच बजावलं.

१९२९ साली कायदा झाला. देशातला हा पहिलाच. दिवसाला आठ आणे, बाळंतपणाआधी तीन आठवडे आणि नंतर चार. पण बाबासाहेबांचा तो मुद्दा कायद्यात उतरला नाही. सगळे पैसे मालकाने द्यायचे ठरले. मालकाने साधा हिशेब केला. बाई ठेवली की आठ आणे, पुरुष ठेवला की काही नाही. पुढच्या काळात मुंबईच्या गिरण्यांत बायांचं प्रमाण उतरत गेलं. त्याला रात्रपाळीची बंदी, नवी यंत्रं, कामाची फेररचना अशी इतरही कारणं होती, पण हे एक कारण अभ्यासकांनी सांगितलेलं आहे. आणि जिनातल्या बाईला तर तो कायदा लागूच पडत नव्हता. त्यासाठी आधी सहा महिन्यांची नोकरी दाखवावी लागायची, आणि जिन दिवाळीनंतर सुरू होऊन होळीच्या पुढे-मागे थंड व्हायचा.

माझ्या वडिलांच्या जन्माच्या थोडं आधी, ३१ जुलै १९३७ ला, बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले होते. लळिंगच्या रानातल्या लांडोर बंगल्यावर ते उतरले. आजही दरवर्षी त्या तारखेला तिथे हजारो माणसं जमतात, त्यात कडेवर पोरं घेतलेल्या बाया मोठ्या संख्येने असतात. तिथे जाणाऱ्या प्रत्येकीला मी सांगत असते, की तुझ्या बाळंतपणाच्या रजेसाठीसुद्धा हा माणूस बोलला होता.

स्वातंत्र्यानंतर १९६१ चा मातृत्व लाभ कायदा आला. बारा आठवडे, भरपगारी. पण हक्क मिळायला आधीच्या बारा महिन्यांत १६० दिवस काम भरलेलं हवं. म्हणजे खानदेशातला जिन पुन्हा दाराबाहेर. १९८८ च्या दुरुस्तीने हे १६० दिवस ८० वर आले, तेव्हा कुठे हंगामी मजुरणीला कागदावर तरी हक्क मिळाला. १८८१ ते १९८८, शंभरावर वर्षं. तोवर मोठी मायचे हात थकून गेले होते. २०१७ साली बारा आठवड्यांचे सव्वीस झाले, पन्नास माणसांच्या आस्थापनेत पाळणाघर सक्तीचं झालं. चांगलंच झालं. पण पगार मालकाच्याच गल्ल्यातून जायचा हे काही बदललं नाही. कर्मचारी राज्य विमा ज्यांना लागू आहे त्यांचीच काय ती त्यातून सुटका, कारण तिथे पैसा सगळ्यांच्या वर्गणीतून येतो. आणि या साऱ्या कायद्यांत बाप शोधून सापडत नाही.

बापाचं नाव सरकारी कागदावर पहिल्यांदा आलं ते १९९७ साली. पाचव्या वेतन आयोगानंतर केंद्र सरकारने आपल्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा दिली. आमच्या जिल्ह्यात याचा अर्थ भुसावळला समजायचा. भुसावळात रेल्वे आहे, आयुध निर्माणी आहे, शेजारी वरणगावलाही आयुध निर्माणी. ही सगळी केंद्राची माणसं. त्यांच्याच गल्लीत जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी राहतात, तलाठी राहतात, ते राज्याचे. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना दोन बाळं जन्मली, तर इकडच्या रेल्वे ड्रायव्हरला पंधरा दिवस आणि तिकडच्या गुरुजींना काहीच नाही. राज्याच्या १९८१ च्या रजा नियमांत ७४ वा नियम प्रसूती रजेचा आहे. २००९ साली तिचे ९० चे १८० दिवस झाले. बापासाठी तिथे नियमच नव्हता.

मग बाप काय करायचे? किरकोळ रजा संपली की वैद्यकीय दाखला आणायचे. कावीळ, टायफॉइड, कंबरेचं दुखणं. दाखल्याची तारीख आणि बायकोच्या प्रसूतीची तारीख मला शेजारी शेजारी दिसायची, कारण कधी कधी दोघंही आमच्याच कार्यालयात असायची. एक तरुण शिपाई असा दाखला घेऊन टेबलासमोर उभा राहिला होता. बायकोचं सीझर झालेलं, घरात मोठं माणूस कोणी नाही. मान खाली घालून म्हणाला, “मॅडम, कागद खोटा आहे, पण काम खरं आहे.” मी ती रजा वर पाठवली. दारामागे भाकरी थापणारे आबा मला त्या दाखल्यात दिसले. साठ वर्षं मध्ये गेली होती आणि बापाला अजूनही लपूनच बाळंतपण करावं लागत होतं.

२३ जुलै २०१८ ला राज्याने बालसंगोपन रजेचा शासन निर्णय काढला. मूल १८ वर्षांचं होईपर्यंत एकूण १८० दिवस. बायांना मोठा आधार झाला, दहावी-बारावीच्या परीक्षा, मुलांची आजारपणं निभावली. पुरुषालाही ही रजा मिळते, पण पत्नी हयात नसेल तर, किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असेल तर. निवृत्तीच्या तोंडावर तो निर्णय मी दोनदा वाचला. आई जिवंत आहे आणि हिंडती-फिरती आहे, तोवर बापाची गरज नाही, असा त्याचा अर्थ होतो. आमची जुनी रीतसुद्धा हेच सांगत होती. मला हे मनापासून चुकीचं वाटतं.

माझा भाचा जळगावचा, आता स्वीडनमध्ये गोथेनबर्गला असतो. त्याला मुलगी झाली तेव्हा माझी बहीण रीतीप्रमाणे लाडवांचे डबे घेऊन बाळंतपण करायला गेली. सून पुढे कामावर गेली आणि मुलगा घरी बसला, महिनोन् महिने, पगारासह. बहिणीने हे फोनवर सांगितलं तेव्हा इथे नात्यातल्या बायांनी पहिला प्रश्न विचारला, नोकरी गेली का त्याची?

स्वीडनमध्ये ही व्यवस्था १९७४ साली आली. मातृत्व विम्याच्या जागी पालकत्व विमा, आणि रजा आईबापांनी आपसांत वाटून घ्यायची, असं करणारा तो जगातला पहिला देश. पैसे त्या त्या मालकाकडून येत नाहीत, सगळ्या मालकांच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या सरकारी विम्यातून येतात. बाबासाहेबांनी १९२८ साली सरकारकडून जी अपेक्षा केली, त्याच्या बरीच जवळ जाणारी ही रीत. तरी पहिल्या वर्षी बापांनी घेतलेले दिवस एकूण दिवसांच्या अर्धा टक्का होते. सरकारने जाहिरात केली. लेनार्ट डालग्रेन नावाचा धिप्पाड वेटलिफ्टर हातात तान्हं बाळ धरून उभा आहे, असं पोस्टर गावोगावी लागलं. पोस्टरने थोडाच फरक पडला. फरक पडला तो १९९५ साली, एक महिना दुसऱ्या पालकासाठी राखून ठेवल्यावर. घ्या, नाहीतर तो बुडेल. नंतर असे दोन महिने झाले, मग तीन. आज एका बाळामागे ४८० दिवस आहेत, त्यातले ९० दिवस प्रत्येक पालकाचे स्वतःचे, ते जोडीदाराला देता येत नाहीत. बापांचा वाटा आता तीस टक्क्यांच्या आसपास आहे. जुलै २०२४ पासून काही दिवस आजी-आजोबांनाही देता येतात. बहिणीला वाटलं, आता मलाही मिळतील. पण त्यासाठी तिथल्या विम्यात नाव लागतं. जळगावहून व्हिसावर गेलेल्या आजीचे दिवस कोणत्याच देशाच्या हिशेबात नाहीत.

स्वीडनचं सगळं आपल्याकडे उचलून आणता येणार नाही, हे मला कळतं. आपल्याकडे नोकरीचं पत्र हातात असलेली माणसं मूठभर. चाळीसगावकडून, साक्री-नंदुरबारकडून ऊसतोडीला जाणारी जोडपी बघा. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल दोघांच्या नावावर एकत्र मिळते, तो तोडतो, ती मोळ्या बांधते. तिचे दिवस भरले तरी फडात जावं लागतं, कारण ती बसली की कोयता अर्धा होतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात. गुजरातेतल्या बारडोली-चलथाणच्या फडांत आमची आदिवासी माणसं पिढ्यान् पिढ्या जातात. मजुरी जोडप्याची, तर रजाही जोडप्याला हवी. पण या बाईला कायद्याने मिळतात ते प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेचे पहिल्या बाळाचे पाच हजार रुपये, तेही हप्त्यांनी. तिच्या नवऱ्याला काहीच नाही.

पण एक गोष्ट इथेच घडलेली आहे, आणि ती फारशी कोणी सांगत नाही. सातपुड्यातल्या कुपोषित बाळाला दवाखान्यात दाखल करायचं तर आईबाप तयार होत नसत, कारण सोबत राहिलं की मजुरी जाते. त्यावर सरकारने बुडीत मजुरी द्यायला सुरुवात केली. बाळासोबत जो थांबेल त्याला रोजचे पैसे. काही काळ मी आरोग्याच्या टेबलावर होते, तेव्हा ही व्हाउचरं माझ्याकडे यायची. रक्कम थोडकी, तीही उशिरा पोहोचणारी. त्यात एक रकाना असायचा, बालकाशी नाते. बहुतेक ठिकाणी आई लिहिलेलं असायचं, काही ठिकाणी आजी, आणि मधूनच एखाद्या ओळीत वडील. त्यापुढे निळ्या शाईचा अंगठा. कुणी पावरा, कुणी भिल्ल बाप, बायको दुसऱ्या लेकराला घेऊन पाड्यावर राहिलेली म्हणून तो इथे कॉटजवळ थांबलेला. त्याला दाखला मागितला गेला नाही, बायको जिवंत आहे का विचारलं गेलं नाही. बाळाजवळ थांबलास, तुझी मजुरी बुडाली, हे घे. माझ्या सगळ्या नोकरीत बाप म्हणून पुरुषाला सरकारी पैसे दिलेले मी पाहिले ते एवढेच.

हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ साली लोकसभेत पितृत्व लाभाचं खासगी विधेयक मांडलं होतं. पंधरा दिवस, तीन महिन्यांपर्यंत वाढवता येणारे, संघटित-असंघटित सगळ्यांना, आणि पैसे कामगार, मालक आणि केंद्र सरकार यांच्या एकत्र निधीतून. ते मंजूर झालं नाही, आणि सातव २०२१ साली गेले. डिसेंबर २०२५ मध्ये सुप्रिया सुळे यांनीही पित्याच्या रजेचं विधेयक मांडलं आहे. या विधेयकांवर बोलताना लोक मला विचारतात, आईच्या सव्वीस आठवड्यांतून बापाला द्यायचे का? नाही. तिच्या अंगावरची जखम भरायला, दूध उतरायला लागणारे दिवस तिचेच आहेत, त्याला हात लावू नये. बापाचे दिवस वेगळे, त्याच्या नावाचे, न घेतले तर बुडणारे हवेत, आणि त्यांचा पैसा एका मालकाच्या खिशातून नव्हे तर सगळ्यांच्या निधीतून यायला हवा, म्हणजे बाईला कामावर ठेवताना कोणी दोनदा विचार करणार नाही. जिनात, फडात आणि शेतात राबणाऱ्यांसाठी तर बुडीत मजुरीचा तो रकाना बाळाच्या जन्मापासूनच सुरू करता येईल. व्हाउचर तयार आहे, शाई तयार आहे, आणि पैसे कसे द्यायचे हे तालुक्याच्या दवाखान्यातल्या कारकुनालाही माहीत आहे.